थोरली पाती

रपेट आटोपून माणूस घोड्यावरून उतरला म्हणजे श्रम नक्की कोणाला झाले याविषयी कोणत्याही मुन्सफास संशय पडू नये, कारण पायउतार होताना ज्याच्या तोंडून 'आई गं' निघते तो घोडा खचित नसतो. परंतु पागेच्या दफ्तरी हा उद्गार पुरावा म्हणून दाखल होत नाही, आणि तंग सैल होताच जी शुश्रूषा सुरू होते तिच्यात स्वाराच्या मांड्यांचा नामनिर्देशही नसतो.

आमचे वृद्ध मोतद्दार आप्पा हा विधी दरबारी शिस्तीने चालवितात. घोडीचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत तिला सावकाश फिरवावयाचे, मग पायांवर गार पाण्याची धार सोडावयाची. कारण गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळजवळ नसतातच, सारा बोजा कंडरा आणि अस्थिबंध यांच्यावर असतो, आणि तेथे साठलेली उष्णता आधी उतरवावी लागते. पाय टिपून झाले की आप्पा डोळे अर्धवट मिटून नळीवरून तळहात फिरवितात. कोठे ऊब वा सूज लागली, किंवा घोडी लंगडली, तर औषध बाजूला राहते आणि पशुवैद्यास बोलावणे जाते. तसे काही नसले तरच चोळण्याच्या हिरवट जेलचे झाकण उघडते.

चोळण्याचे पातळ औषध, म्हणजे लिनिमेंट, केसांवरून ओघळून भूमीस पोचते, आणि भूमीची तर सांधेदुखीची काही तक्रार नसते. जेल मात्र लावले तेथेच ठाण मांडते. आप्पा ते आधी केसांच्या उलट दिशेने कातडीपर्यंत चोळतात, मग केसांच्या ओघाने हात फिरवितात. मेंथॉलने स्नायू काही गार पडत नाही, मज्जातंतूंची तेवढी समजूत निघते. निम्मा गुण आप्पांच्या अंगठ्याचा असावा, असे माझे मत आहे. जखमेवर, जिनाखाली किंवा घट्ट पट्ट्याखाली जेल लावण्यास त्यांची सक्त मनाई आहे.

या औषधाच्या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा. पियानो पोचविणाऱ्या विल्बर यंग यांच्या घोड्यांचे पाय दुखत, त्यावर त्या काळी कातडीला फोड आणणारे जालीम उपाय रूढ होते, म्हणून 1892 च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या पत्नी मेरी आयडा यांनी वनस्पतींचे सौम्य औषध सिद्ध केले; तेच 'अब्सॉर्बाइन'. पुढे माणसांसाठीही एक औषध निघाले, आणि त्याचे नाव ठेवले 'अब्सॉर्बाइन ज्युनियर'. थोरली पाती घोड्यांची, धाकटी आपली. एवढी स्वच्छ वारसनोंद मी कोणत्याही सातबाऱ्यावर पाहिलेली नाही.

अर्थात चोळण्याच्या औषधांत मिरचीतील कॅप्सेसिन आले की सौम्यपणा संपतो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तेथे उड्या मारणारे चार घोडे या द्रव्यापायी वैयक्तिक अंतिम फेरीतून बाद झाले आणि नॉर्वेला सांघिक कांस्यपदक गमवावे लागले. मिरची झोंबल्याने माणूस थयथयाट करतो हे आपणांस ठाऊक आहे. पदकालाही ती झोंबू शकते, हे तेव्हा कळले.

हा सारा इतिहास आप्पांना ऐकवून मी माझ्या गुडघ्यासाठी बोटभर जेलची अर्जी केली.

"मग साहेब, तुमचं धाकटं दुकानातनं आणा की," घोडीचा दुसरा पाय उचलीत आप्पा म्हणाले. "ह्ये थोरल्या बाईंचं हाय."