परदेशी आजारी पडण्याविषयी, धडगावहून

परदेशातील आरोग्यावर पुस्तिका काढणारे सहल कंपनीचे लेखक महोदय यांस,



आपली गुळगुळीत कागदावरची पुस्तिका कुणीतरी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर विसरून गेलं. ती माझ्या गिऱ्हाइकांसाठीच लिहिली आहे, असं धरून मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. दिवाळी झाली की अक्राणी तालुक्यातलं माझं बरंचसं गिऱ्हाईक परदेशीच जातं. देशाचं नाव गुजरात. बारडोली, मढी, व्यारा या बाजूला ऊसतोडीला. व्हिसा लागत नाही, मुकादमाची उचल पुरते. ओळखपत्राचीही चिंता नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला वाटलं गेलं. कार्डाच्या बाबतीत आम्ही कुणाच्या मागे नाही.

आपण लिहिता, निघण्याआधी चार ते सहा आठवडे डॉक्टरांना भेटावे. सोन्यासारखा सल्ला. फक्त निघायचा दिवस प्रवाशाला कळतो तो गाडी पाड्याखालच्या रस्त्याला येऊन उभी राहिल्यावर. उचल मात्र पावसाळ्यातच घेतलेली असते. कुणी घरासाठी, कुणी लग्नासाठी, कुणी दवाखान्यासाठी. म्हणजे आजारपणाची तरतूद आम्हीही आगाऊ करतो, मागच्या आजारपणाची.

प्रवासात तासातासाला उठून पाय मोकळे करावेत, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होते, हेही पटलं. आमच्या गाडीत तो धोका कमी. भांडी, गोधड्या, कोयते, पोरं आणि एखादी कोंबडी चढल्यावर बसायला जागाच उरत नाही.

औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे, गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात. महोदय, या वाक्यासाठी आपल्या हातात पेढा ठेवावासा वाटतो. गेल्या होळीला एक बाई तिकडून आली ती गोळ्यांच्या पानाचा एक कोपरा मुठीत धरून. तिकडच्या डॉक्टरानं नवऱ्याला दिलेल्या गोळीने ताप उतरला होता. नावाची बाजू आधीच कापून कुणाला तरी दिलेली. उरलेल्या कोपऱ्यावर फक्त ‘सिन’ आणि खाली किंमत. ‘हीच दे.’ सिनवर संपणारी औषधं माझ्याकडे भिंतभर आहेत. तिला मी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच ताप लपवून ठेवलाय.

‘पूर्वीपासूनचे आजार’ या रकान्यात आपण मधुमेह आणि रक्तदाब घातला आहे. आमचा आजार जरा जास्तच पूर्वीचा, आईबापांच्या रक्तातून आलेला: सिकलसेल. प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी वाकते, बारीक नसेत अडकते आणि हाडांत कळ उठते. ती कशाने उठते? पाणी कमी पडलं, थंडी बाधली, ताप आला, अंगाबाहेर कष्ट झाले. ऊसतोडीत यातलं काय नसतं, ते मी अजून शोधतोय. पहाटेच्या थंडीत फडात शिरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या वाहायच्या, आणि गाडी रात्री आली की रात्री भरायची. या जागरणावर आपल्या जेट लॅगच्या प्रकरणात काही उपाय सापडला नाही. दोन्ही राज्यांची घड्याळं एकच, म्हणून राहून गेलं असेल.

सिकलसेल २०४७ पर्यंत संपवायची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलहून निघाली. १ जुलै हा आमच्या जिल्ह्याचाही वाढदिवस, १९९८ चा. तेवढ्यासाठी मला ती मोहीम घरचीच वाटते. पण तपासणीचा कागद राहतो पत्र्याच्या पेटीत आणि कळ येते फडात. हायड्रॉक्सियुरिया ज्यांना चालू आहे त्यांना ती रोज घ्यावी लागते, आणि मोसम पाच-सहा महिन्यांचा. एवढा साठा एकदम बांधून देणारा डॉक्टर आपल्या पाहण्यात असेल तर कळवावे. डॉक्टरांचंही खोटं नाही म्हणा. त्या गोळीवर असलेल्याचं रक्त मधूनमधून तपासावं लागतं.

विमा. त्यात आम्ही आपल्या युरोपवाल्यांच्या बरोबरीला आहोत. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. अट एवढीच, की रुग्ण दाखल व्हायला हवा. जुलाब, हिवताप, पायावर निसटलेला कोयता, असली किरकोळ दुखणी अंगावर काढून मोठी केली, की कार्ड धावून येतं.

संकटात दूतावास गाठावा, असंही आपण म्हणता. आमचा दूतावास म्हणजे मुकादम. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात तर औषधोपचाराची फुकट सोय करणं कंत्राटदारावरच टाकलं होतं. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत विरघळवला. कुणा मुकादमाच्या खिशात त्याची प्रत मी पाहिली नाही. खाड्यांची वही मात्र प्रत्येकाकडे. ताप आला तर खाडा, तापाला सोबत म्हणून बायको थांबली तर कोयताच मोडतो, कारण आमच्यात जोडप्याचा मिळून एक कोयता धरतात.

१०८ हा नंबर दोन्ही राज्यांत एकच आहे, हे आपल्या पुस्तिकेत हवं होतं. पण फोन लागला की पलीकडून पत्ता विचारतात. पडावाला पत्ता नसतो. आज या गावच्या शिवारात, फड संपला की पुढच्या. नवापूर स्टेशनवर पडलेला बरा; तिथे फलाटातूनच हद्द जाते, बाकाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. रुग्णाला हवं त्या राज्यात सरकवता येतं.

एक विनंती. पुढच्या आवृत्तीत रजेच्या अर्जाचा एक नमुना छापावा: उचल फिटायची बाकी असताना आजारी पडण्याची परवानगी मिळणेबाबत. गुजरातीत छापावा. आमच्या लोकांना पावरी, भिली येते, मराठी कळते. पण सही मुकादमाची लागणार.

कळावे.

आपला,
धडगावचा एक मेडिकलवाला

ता. क.: पोटाच्या तक्रारीवरचं ओआरएसचं पान मी फाडून काउंटरवर चिकटवलं आहे. त्यावरचं ‘पाणी बाटलीबंदच वापरावे’ हे वाक्य तेवढं पेनाने खोडलं.