नानांचा मोकळा दिवस

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे दोन प्रकारचे येतात. मुक्कामाचे आणि शेवटच्या दिवसाचे. मुक्कामाच्या पाहुण्यांना निदान गादी घालून देता येते. शेवटच्या दिवसाचे पाहुणे येतात ते ग्रुपबरोबर. इतके दिवस त्यांची आपल्याला गंधवार्ता नसते. टूर मॅनेजरच्या उंच धरलेल्या छत्रीमागून त्यांनी पॅरिस पाहिलेलं असतं, स्वित्झर्लंडचा बर्फ एकमेकांना मारलेला असतो आणि रोज संध्याकाळी सातला पनीरची भाजी खाल्लेली असते. मग एका रात्री फोन येतो. "अरे, उद्या आमचा शेवटचा दिवस. विमान रात्री नऊचं. तोवर मोकळेच आहोत, म्हटलं तुझी भेट होईल."

हे म्हणजे नाना. ज्याचे त्याचे नाना वेगळे असतात, आणि नातं समजून घ्यायला कागद-पेन्सिल लागते. २०२४च्या सप्टेंबरात आलेले माझे नाना माझ्या आईच्या मावसबहिणीचे थोरले दीर. सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त, मुक्काम पुणे, सिंहगड रोड. मी रजा टाकली. नानांचा शेवटचा दिवस शनिवार-रविवारी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

सकाळी नऊला हीथ्रोजवळच्या त्यांच्या हॉटेलात पोचलो तेव्हा नाना पलंगावर उभे होते. हातात ताणकाटा आणि काट्याच्या आकड्याला लोंबकळणारी बॅग. काकू खाली वाकून काट्यावरचं वजन वाचत होत्या.

"साडेबावीस."

"बघ! तेवीसच्या आत." नाना मला बघून म्हणाले, "काटा आमच्या रद्दीवाल्याचा. नवा घ्यायचा म्हणजे पाचशे रुपये पाण्यात. मागून आणला."

रद्दीवाल्याच्या काट्याशी ज्या बाईनं हयातभर हुज्जत घातली आहे तिच्या चेहऱ्यावर जे भाव यावेत, ते काकूंच्या चेहऱ्यावर आले. पण त्या बोलल्या नाहीत. ते त्यांनी संध्याकाळसाठी राखून ठेवलं असावं.

बाकी खोली साफ होती. साबणाच्या वड्या, शाम्पूच्या बाटल्या, चहाच्या पुड्या, शिवणकामाची इवलीशी पेटी, सगळं बॅगेत गेलं होतं. नाश्त्याच्या टेबलावरून आलेली दोन केळी आणि जॅमच्या बोटभर बरण्या काकूंच्या पर्समध्ये होत्या. "यात चोरी नाही," नाना म्हणाले, "हे पॅकेजमध्ये धरलेलं असतं." पौंडाला एकशे दहा रुपये पडत असताना माणसाला हे तत्त्वज्ञान आपोआप सुचतं. नानांचं डोकं त्या दिवशी गुणाकारावरच चाललेलं होतं. कॉफी साडेतीन पौंड हे वाक्य त्यांना ऐकूच यायचं नाही; 'तीनशे पंच्याऐंशी' एवढंच ऐकू यायचं.

पहिलं काम बँकेत होतं. बारा वर्षांपूर्वी नानांचे साडू लंडनला येऊन गेले आणि नानांचे उसने पैसे त्यांनी वीस पौंडांच्या एका नोटेनं फेडले. नानांनी ती गुरुचरित्राच्या पोथीत जपून ठेवली. या खेपेला खरेदीला काढली तर दुकानदारानं हात जोडले. कागदी नोट, ३० सप्टेंबर २०२२ नंतर ती बाजारातून बाद. "साडूनं फसवलं," हा निष्कर्ष नानांनी तिथल्या तिथे काढून टाकला होता. मी सांगितलं की साडू निर्दोष आहेत आणि बँक ऑफ इंग्लंड बाद नोटा कधीही बदलून देते. नानांचे डोळे चमकले. नोटेपेक्षाही, बँक ऑफ इंग्लंडच्या काउंटरवर आपलं काम निघालं, याचा तो आनंद होता.

थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या त्या दगडी इमारतीपुढे नाना चप्पल काढायचे तेवढे बाकी राहिले. स्थापना १६९४ची, हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आपले राजाराम महाराज तेव्हा जिंजीत वेढ्यात होते. आणि हे इथं पासबुकं भरत होते!" रांगेत ते अगदी शिस्तीत उभे राहिले, मात्र काउंटरवरच्या मुलानं जुनी नोट कशी धरली, कशी पाहिली, यावर त्यांची निवृत्त नजर रोखलेली होती. जुन्या नोटेवर अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ होता. हातात आलेल्या नव्या प्लॅस्टिकच्या नोटेवर टर्नर निघाला.

"हा कोण?"

"चित्रकार."

"अर्थशास्त्रज्ञाला काढून चित्रकार बसवला? मग कॉफी तीनशे पंच्याऐंशीला जाईल नाही तर काय!"

तिघांच्या जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता या नोटेतून फारसं काही उरत नव्हतं. पण तो माझ्या कार्डावरून जात असल्यामुळे नानांच्या हिशेबात आला नाही.

त्याच इमारतीच्या बगलेला बँकेचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, हे कळल्यावर पुढची चर्चा झाली नाही. तिथे काचेच्या पेटीत सोन्याची खरीखुरी वीट ठेवलेली आहे आणि भोकातून हात घालून ती उचलून बघता येते. वजन तेरा किलो. काकूंनी हात घातला आणि वीट उचलली. आतापर्यंतच्या सगळ्या फोटोंत त्या पाय दुखत असल्यासारख्या उभ्या आहेत. या फोटोत मात्र लग्नातल्यापेक्षा प्रसन्न दिसतात. मागे रांग वाढली तरी हात बाहेर येईना. नाना पाटी वाचून म्हणाले, "तेरा किलो. म्हणजे बॅगेत अजून दहा किलो बसतंय."

मग नाण्यांचा प्रश्न निघाला. नानांच्या पँटच्या खिशात सहलीतली सगळी मोड साठली होती आणि चालताना ते बैलजोडीसारखे वाजत होते. मनी चेंजर नोटा घेतो, नाणी घेत नाही. तेव्हा चिल्लर इथेच संपवली पाहिजे. लाल डबलडेकर दिसताच नानांनी मूठभर नाणी ड्रायव्हरपुढे धरली. लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे चालत नाहीत. ड्रायव्हर मान हलवत राहिला, नाना एकेक नाणं उलटून त्याला राणीचं तोंड दाखवत राहिले. शेवटी मीच कार्ड टेकवलं. आणि बोलता बोलता सांगून बसलो की पावणेदोन पौंड भरले की तासाभरात हव्या तेवढ्या बस बदला, पुन्हा पैसे पडत नाहीत. ऑक्सफर्ड स्ट्रीटपर्यंत आम्ही कारण नसताना दोनदा उतरलो आणि दोनदा चढलो.

नानांचं लंडन बघून झालेलं होतं. आता ते लंडन सिंहगड रोडवर कसं उतरवायचं, याची तयारी चालू होती. देहानं ते ऑक्सफर्ड सर्कसला उभे होते, मनानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. प्रत्येक दुकानाच्या दारात त्यांना एकेक शेजारी दिसत होता. खिशातून यादी निघाली. लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे लिहिलेली ती यादी म्हणजे नात्यागोत्याची खातेवही होती. सर्वांत वर व्याही. व्याह्यांनी दुबईहून खजूर, बदाम आणि अत्तराची बाटली आणली होती. त्या बोज्याखाली नाना दोन वर्षं दबलेले होते. त्यांच्यासाठी राजवाड्याचं चित्र असलेला शॉर्टब्रेडचा पत्र्याचा डबा. धाकट्या भावाला चॉकलेटचा खोका, पण मधला. मोठा दिला तर वहिनीला वाटेल यांना पेन्शन जास्त आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला बिग बेनचा मॅग्नेट. चेअरमनला तोच मॅग्नेट, पण घड्याळ चालणारा. ज्येष्ठ नागरिक संघाला सुटी चॉकलेटं, प्रत्येकी एक, मधुमेहवाले वगळून.

"आणि साडूंना?" मी विचारलं.

नानांनी क्षणभर विचार केला. "त्याला ही नोट बदलल्याची गोष्ट सांगीन."

काकू यादीत नव्हत्या. त्यांनी शांतपणे एक लोकरी शाल उचलली आणि टोपलीत टाकली. नानांनी किमतीचं लेबल बघितलं, गुणाकार केला, काकूंकडे बघितलं आणि भागाकार केल्यासारखा चेहरा करून गप्प बसले.

बिलाच्या वेळी नानांनी हुकमी पान टाकलं. पर्यटकांना व्हॅट परत मिळतो, वीस टक्के, असं ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं होतं. मनातल्या मनात ते वीस टक्के एव्हाना खर्चूनही झालेले होते. पण पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवरचा व्हॅट परत देणं इंग्लंडनं १ जानेवारी २०२१पासून बंद केलंय. काउंटरवरच्या मुलीनं ते गोड शब्दांत सांगितलं. नाना तिच्याकडे, तिच्यामागच्या भिंतीकडे आणि तिच्या देशाकडे एकदम बघत म्हणाले, "दीडशे वर्षं नेलंच, आता वीस टक्क्यांवर आलात!" त्यांनी तिथेच सगळी चिल्लर काउंटरवर ओतली आणि सूड म्हणून तीतून पेनी वेचून मोजायला सुरुवात केली.

नानांना कुणी कंजूष म्हटलं तर मात्र मला पटणार नाही. आज वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवायची मुभा आहे. नाना कॉलेजात होते तेव्हा परदेशी जाणाऱ्याला आठ डॉलर मिळायचे. तेवढे खिशात घालून त्यांचा एक वर्गमित्र अमेरिकेला गेला, त्याला सोडायला सगळा वर्ग सांताक्रूझला आला होता. परदेश म्हणजे दुसऱ्यानं जायचं आणि आपण हार घालायचा, हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांना स्वतःच्या सहलीचा एक तासही सांडलेला बघवत नाही. इथली तरुण मंडळी सुट्टीचा शेवटचा दिवस बागेत लोळून घालवतात. नानांच्या लेखी ते मुद्दलात तूट येऊ देणं आहे.

दुपारी ते म्हणाले, "आता साउथ केन्सिंग्टन." कशाला ते सांगेनात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या पायऱ्या चढताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाघनखं! ग्रँट डफ साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याच्याबरोबर ती इंग्लंडात आली आणि पुढे या म्युझियमकडे, असं सांगतात. अफझलखानाच्या वधाची हीच का, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि म्युझियमही तशी खात्री देत नाही. पण मुद्दा तो नव्हता.

"नाना, ती जुलैतच साताऱ्याला गेली. तीन वर्षांच्या बोलीवर. पेपरात आलं होतं."

"आलं होतं, वाचलं मी," नाना आवाज खाली आणून म्हणाले. "तिकडे नक्कल पाठवली असणार. अस्सल चीज इंग्रज सोडतो होय? विचारू या."

विचारलं. चौकशीच्या टेबलावरच्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की ती भारतात आहेत. नानांनी पुन्हा विचारायला लावलं: सगळी? एखादं मागे ठेवलेलं? बाई हसून नाही म्हणाल्या. नानांचा चेहरा पडला. इंग्रजानं शब्द पाळल्याचं एवढं दुःख कुणाला झालेलं मी पाहिलेलं नाही.

आणि इथे काकूंचा दिवस सुरू झाला.

"माझं माहेर साताऱ्याचं," त्या मला म्हणाल्या. "वाघनखं येऊन दोन महिने झाले. मी म्हटलं, जाऊन बघून येऊ. तर हे म्हणाले, गर्दी ओसरू दे. एसटीत मला अर्धं तिकीट, यांना अर्धं तिकीट. दोघांत मिळून एक तिकीट पडलं असतं रे. ते सोडून व्हिसा काढून मला इथं आणलं. कशाला? तर ती साताऱ्यात आहेत हे ऐकायला."

नाना जवळच्या एका संगमरवरी पुतळ्याचं बारकाईनं निरीक्षण करू लागले.

पाच वाजता हॉटेलवरून ग्रुपची बस विमानतळाकडे निघाली. "आमचा पुतण्या" म्हणून ओळख करून देत नानांनी मलाही फुकटात चढवलं. बसमध्ये सगळे नानाच होते. कुणी दोन कोट एकावर एक घातले होते, कुणी गळ्यात उशी आणि उशीच्या खोळीत मोजे कोंबले होते.

हीथ्रोच्या काउंटरवर नानांची बॅग पट्ट्यावर चढली आणि आकडा उमटला: सव्वीस पूर्णांक चार.

"यांचं मशीन खराब आहे," नाना म्हणाले.

"यांचं नाही," काकू म्हणाल्या. सकाळपासून राखून ठेवलेलं त्यांनी आता खर्चायला काढलं. "आपला काटा रद्दीवाल्याचा. जन्मात कधी पुरं वजन दाखवलंय त्यानं?"

बॅग बाजूला घेऊन जमिनीवर उघडली. शॉर्टब्रेड काढायचा? व्याही. चॉकलेट काढायचं? भाऊ. शाल? नानांनी तिकडे हातही नेला नाही. मग तळातून एक भलाथोरला स्टीलचा डबा निघाला. डब्यात चिवडा. त्याखाली मेथीचे ठेपले, कप नूडल्स, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. 'परदेशात जेवायचे हाल होतील' म्हणून पुण्याहून निघालेला, चार देश हिंडलेला आणि टूर मॅनेजरच्या पनीरपुढे एकदाही न उघडलेला हा शिधा आता पुन्हा पुण्याला चालला होता.

सगळा शिधा माझ्या हातात आला. बॅग बावीसवर उतरली. नानांना एकदम भरून आलं. काही झालं तरी आपण पुतण्याकडे रिकाम्या हातानं आलो नाही, हे आता सिद्ध झालं होतं. "घरचा चिवडा आहे," ते माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "खास तुझ्यासाठी आणला."

मी नमस्कार केला. सिक्युरिटीच्या रांगेत दोघं शिरली. तेवढ्यात काकू दोरीखालून वाकून परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चिवडा संपव. पण डबा ठेवून घेऊ नकोस हं, माझ्या लग्नातला आहे. पुढच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधले आप्पा येतायत ग्रुपबरोबर. त्यांना तुझा नंबर दिलाय. शेवटच्या दिवशी मोकळेच असतात ते."