छत्री जांभळी दिसू लागल्यास

नवा कॅमेरा घ्यावा की जुन्यावरच भागवावे, हा निर्णय घरी बसून घेऊ नये. घरी बसले की नवाच घ्यावासा वाटतो. श्रावणातला रविवार गाठून पुण्याहून लोणावळा लोकल पकडावी, गळ्यात जुना लायका एम८ अडकवावा आणि मळवलीला उतरावे.

स्टेशनाबाहेर छत्र्यांची गर्दी असते. तिचा एक फोटो काढावा. काळ्या छत्र्या जांभळ्या आल्या तर घाबरू नये, हे खानदानी लक्षण आहे. या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत भिंग सेन्सरच्या अगदी जवळ बसते आणि कडेचे किरण तिरके पडतात. त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून २००६च्या या मॉडेलात सेन्सरवरची अवरक्त किरणे अडवणारी काच फार पातळ ठेवली गेली. कृत्रिम धाग्याचे काळे कापड ही किरणे भरपूर परतवते, त्यामुळे ते जांभळे दिसते. झाडांची पानेही तोच उद्योग करतात, म्हणून ऐन श्रावणात मावळची भातखाचरे किंचित पिवळी पडतात. यावर उपाय म्हणून कंपनीने तेव्हा ग्राहकांना दोन फिल्टर मोफत दिले होते. ते लावावेत. कुठे ठेवलेत हे आठवत नसेल, तर तो दोष कॅमेऱ्याच्या खाती मांडू नये.

मग कार्ल्याच्या पायऱ्या चढाव्यात. चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत. आपण वीस वर्षांच्या यंत्राला म्हातारे म्हणतो, याची थोडी लाज वाटू द्यावी. आत अंधार असतो. एम८चा आयएसओ २५००पर्यंतच जातो आणि तिथे पोचेपर्यंत स्तूपावर वाळू सांडल्यासारखी दिसते. २०२२चा एम११ पन्नास हजारांपर्यंत जातो. इथे नवा जिंकला, हे मोठ्या मनाने मान्य करावे. तेवढ्यात एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या मावशी म्हणतील, “दादा, आमचा पण एक काढ ना.” काढावा. त्या लगेच “दाखव” म्हणतील. अडीच इंची पडद्याकडे डोळे बारीक करून पाहतील आणि हातात स्वतःचा मोबाइल देतील. “आता यात काढ.” तोही काढावा. तो चांगला येतो. हे घरी सांगण्याची गरज नाही.

लोहगड रुळांच्या दुसऱ्या बाजूला आहे. दोन्ही एकाच दिवशी होतात; गुडघे ज्याचे त्याने पाहावेत. विंचूकाट्याकडे जाताना कार्ड हमखास भरते. एम८चे कार्ड बदलायचे तर तळाचे अख्खे झाकण काढावे लागते. धो धो पावसात एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात कार्ड, काखेत छत्री. झाकण दातांत धरावे. या अवस्थेत ट्रेकचे म्होरके “सगळे आले का?” असे विचारतात. उत्तर देऊ नये. एम११ला असे झाकणच नाही. दातांची ही सोय जमेस धरावी.

पुढे धुके येते. रेंजफाइंडरचे सगळे शास्त्र दोन प्रतिमा एकमेकींवर आणून जुळवण्यात आहे. धुक्यात दोन्ही पांढऱ्या. त्या आधीपासूनच जुळलेल्या असतात. अशा वेळी फोकस तीन मीटरवर लावून गप्प उभे राहावे. धुक्यातून कोणी ना कोणी बाहेर येतेच. बहुधा मक्याचे कणीस खात. तो तीन मीटरवर पोचला की बटण दाबावे, आणि त्याआधी भिंगाचे टोपण काढले होते का ते पाहावे. या कॅमेऱ्यांत आपण भिंगातून बघतच नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो, त्यामुळे टोपणासकट लोहगड उत्तम दिसतो. नव्यातही खिडकी तीच आहे, म्हणजे विसरण्याची सोय कायम.

किमतीचा विचार परतीच्या गाडीत करावा, पण शेजारी जमिनीचा एजंट नसताना. मावळातले गुंठ्याचे भाव कानावर पडले की काही लाखांचा कॅमेरा फुकट वाटू लागतो.

घरी आल्यावर दमट कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू नये. इंद्रायणी वासाला कितीही चांगला असला तरी त्याचा भुसा फटीत जातो. बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या शोधाव्यात. त्या शोधताना कपाटाच्या तळाशी, जुन्या लाइट बिलांखाली, दोन चपट्या डब्या सापडतील. उघडून पाहाव्यात. फिल्टर आहेत.

म्हणजे छत्रीची परीक्षा रद्द. पुढच्या रविवारी पुन्हा मळवली.