प्रतिवादी : अशोक कुमार

चोर कोण हे ठाऊक नसलं म्हणून आपल्याकडे दावा अडत नाही. प्रतिवादीच्या जागी ‘अशोक कुमार’ लिहायचं. अमेरिकेत जॉन डो, आपल्याकडे अशोक कुमार. (अभिनेते अशोक कुमार ऊर्फ दादामुनी यांनी १९४३च्या ‘किस्मत’मध्ये चोर रंगवला होता, शिक्षा अजून चालूच आहे म्हणायची.)

२०१२ साली ‘३’ या तमिळ चित्रपटाच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून याच इसमाविरुद्ध, चित्रपटाच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर टाकू नयेत असा मनाई हुकूम मिळवला. याच चित्रपटातलं ‘कोलावेरी डी’ हे गाणं आदल्या नोव्हेंबरात देशभर गाजलं, ते लोकांनी एकमेकांना फुकट पाठवूनच. पण ती प्रसिद्धी, ही चोरी! हुकूम हाती पडताच इंटरनेट कंपन्यांच्या अंगात आलं. त्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन अशी अख्खी संकेतस्थळंच बंद केली. तिथे कुणी नातवाच्या बारशाची चित्रफीत ठेवली असेल, तर आजोबाही अशोक कुमार. अखेर जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला : चोरीचा माल असलेले नेमके पत्ते तेवढे अडवा, सगळी पेठ नको.

चित्रपट मार्चमध्येच लागला होता.