माणूस मापाचा घ्यावा

साहित्य फार लागत नाही. टेप, पेन्सिल आणि एक माणूस. टेप-पेन्सिल कुठलीही चालेल, माणूस मात्र पारखून घ्यावा. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९४३ मध्ये 'मॉड्युलॉर' हे माप बसवायला घेतलं तेव्हा आधी १७५ सेंटीमीटरचा माणूस धरला होता. त्याचे आकडे फूट-इंचांत काही बसेनात. तेव्हा एका सहकाऱ्याने सुचवलं, की इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, पोलीस वगैरे, नेहमी सहा फुटी असतात. झालं, माणूस एका झटक्यात १८३ झाला. तुमचेही आकडे जुळत नसतील तर खाडाखोड करत बसू नका, माणूस बदला.

आता त्याला एक हात वर करायला सांगा. बोटांच्या टोकापर्यंत २२६, बेंबी ११३ वर, बरोब्बर निम्म्यात. (आपल्याकडे विहिरीची खोली 'परस', म्हणजे पुरुष, या मापात सांगतात. तिथेही माप म्हणून माणूसच उतरवलाय, फक्त त्याच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.) बेंबीवरून तांबडी माला निघते: २७, ४३, ७०, ११३, १८३. शेजारच्या दोघांची बेरीज केली की पुढचा हजर. वर केलेल्या हातावरून निळी: ८६, १४०, २२६. ही दोन पाठ झाली की तुम्ही आर्किटेक्ट.

छत २२६ वर घ्यावं. कॉर्ब्युझिए यांच्या मार्सेयमधल्या, १९५२ साली पुऱ्या झालेल्या वसाहतीत तसंच आहे. पंखा कुठे लावायचा, हे विचारू नये.

खोली ३६६ बाय ३६६, म्हणजे माणसाच्या दुप्पट. समुद्रकाठच्या रोकब्रूनला कॉर्ब्युझिए यांनी स्वतःसाठी एवढीच लाकडी खोली बांधली. तिच्यात स्वयंपाकघर नव्हतं. शेजारच्या खाणावळीत उघडणारं दार होतं. ही युक्ती नवशिक्याने जरूर उचलावी.

मी उचलली नाही. घरचा ओटा निळ्या मालेतून, ८६ वर बांधून घेतला. तिथे त्या सहा फुट्याचा हात आरामात टेकतो. आई चार फूट दहा इंच. पोळी लाटताना तिचे खांदे कानाशी यायचे. आठवडाभर काही बोलली नाही. मग एकदा लाटणं माझ्यापुढे धरून म्हणाली, "त्या तुझ्या साहेबाला म्हणावं, ये आणि लाट."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा जुना पाट ओट्याखाली आला. अजून तिथेच आहे, मधोमध दोन पावलं उमटलेला. मी गुपचूप मोजला: सात सेंटीमीटर. तांबड्यात नाही, निळ्यातही नाही.