तिठ्यावरचा एकांत

ऑनलाइन समुपदेशनाला दोनच गोष्टी लागतात, असं आमच्या समुपदेशकांनी पहिल्याच फोनवर बजावलं : रेंज आणि एकांत. हातखंब्यात दोन्ही मिळतात, फक्त एका जागी मिळत नाहीत. घरामागच्या काजूखाली एकांत आहे. तिथे रेंज येत नाही. रेंज आहे तिठ्यावर, आणि तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आहे, टँकर आहेत, चौपदरीकरणाची धूळ आहे आणि सकाळपासून गिऱ्हाइकाची वाट बघणारे रिक्षावाले आहेत.

माझं व्यसन तसं गरीब. दारूड्याला निदान गाव घाबरून असतं. तंबाखूवाल्याकडे येता-जाता लोक चिमूटभर मागतात.

रत्नागिरी इथून पंधरा किलोमीटरवर. समोर बसून बोलायचं तर तिथे जाता आलं असतं. पण तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, त्यामुळे येरवड्याच्या नावाने पुणेकर जी थट्टा करतात, ती कोकणात रत्नागिरीच्या नावाने चालते. मी बाजाराला निघालो तरी शेजारचे आप्पा विचारतात, “सोडतील ना रे संध्याकाळपर्यंत?” त्यात ‘समुपदेशन’ हा शब्द त्यांच्या हाती देणं परवडणारं नव्हतं. म्हणून पुण्याचे समुपदेशक, आणि तेही फोनवर.

गृहस्थ जुने, मुरलेले. एके काळी स्वतःच पुड्यांवर पुड्या रिचवलेले. व्यसनातून उठलेल्या माणसाने दुसऱ्याला उठवायचं, ही रीत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने महाराष्ट्रात चांगली रुजवली. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. (आप्पांना हे सांगितलेलं नाही.) रीत थोर आहे, पण पेशंटची फार गैरसोय होते. थापच मारता येत नाही.

तिठ्यावरच्या एका बंद टपरीमागे बसून मी व्हिडिओ लावला.

“तोंडात काही आहे?”

“ऊं… नाही.”

“बरं. बार थुंका, चूळ भरून या. मी थांबतो.”

चूळ भरून आलो तोवर इयरफोनची बॅटरी संपली होती. टँकरांच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून मी फोनचा आवाज पूर्ण वाढवला.

“दिवसातून किती वेळा मळता?”

“असेल चार-पाच वेळा.”

“भाऊ, चार-पाच तर सकाळपासून आमच्याच स्टँडवर झाले!” टपरीच्या पलीकडून आवाज आला.

“हे कोण?” समुपदेशक म्हणाले. “तुमची हरकत नसेल तर त्यांनाही बसू द्या.” माझी हरकत ठरायच्या आत तिघे येऊन टेकले होते. पुढचं समुपदेशन बहुतेक त्यांच्याशीच झालं. मी मधूनमधून नाव-गाव सांगितलं.

सल्ला साधा होता. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ ढकलायचा : पाणी प्या, बडीशेप चघळा, दीर्घ श्वास घ्या. (तिठ्यावर दीर्घ श्वास घेतला की निम्मा महामार्ग छातीत जातो.) शिवाय तलफ कधी येते ते वहीत टिपायचं. माझ्या वहीत निघालं : चहानंतर, जेवणानंतर, वीज गेल्यावर, वीज आल्यावर, एसटी चुकल्यावर, एसटीत जागा मिळाल्यावर, समुपदेशकांचा फोन ठेवल्यावर. शेवटची नोंद त्यांना फार आवडली; माझी पहिली खरी नोंद, म्हणाले.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, साध्या तंबाखूवर नाही. माझ्यापुरती ती तिठ्याने घातली. टपरीवाला पुडी देईना. “डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग?” मी एसटी पकडून पाली गाठली. तिथल्या टपरीवाल्याने चुन्याच्या डबीवर बोट ठेवूनच मला न्याहाळलं. “हातखंब्याचे ना तुम्ही? ते फोनवाले?”

पुडी अजून पूर्ण सुटलेली नाही, पण मळायला आडोसा शोधावा लागतो आणि आडोसा सापडेपर्यंत बऱ्याचदा तलफ ओसरलेली असते. गावाने पाळत ठेवून हे काम केलं, असं मला वाटतं. समुपदेशक म्हणतात, याला आधार म्हणायचं. फी ते घेतात, तेव्हा त्यांचंच खरं मानू.

तुम्हालाही कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलतात, व्यसनाबद्दलही बोलतात. फोन लावायच्या आधी इयरफोन तेवढा चार्ज करून घ्या.