पंच्याहत्तर अण्णा

पुण्यात कुणी ताळतंत्र सोडून बोलू लागलं की समोरचा म्हणतो, "याला येरवड्याला पोचवा." कुणी कायदा सोडून वागलं तरी तेच म्हणतात. पहिल्याची सोय मनोरुग्णालयात, दुसऱ्याची मध्यवर्ती कारागृहात. आम्ही कुठलाही गुन्हा न करता, डॉक्टरची चिठ्ठी नसताना, पिढ्यान्‌पिढ्या येरवड्यातच राहतो. त्यामुळे लग्नाच्या बोलणीत पत्ता सांगितला की पाहुणे आधी पत्त्याकडे आणि मग आमच्या तोंडाकडे बघतात.

अशा या येरवड्यात, गुंजन चौकाजवळच्या अमृततुल्यात, रोज संध्याकाळी साडेपाचला पंच्याहत्तर अण्णांचं कोर्ट भरतं. पंच्याहत्तर हे त्यांचं वय नव्हे. म्हणजे आता तेही झालंय, पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं. १९७५ साली सर्वांत चांगला सिनेमा कुठला, हा एकच खटला अण्णा चालवतात. आरोपी ठरलेले, साक्षीदार ठरलेले, चहासुद्धा ठरलेला : कटिंग, साखर कमी, चर्चा जास्त.

असा माणूस प्रत्येक पेठेत एक तरी असतोच. कुणी १९८३ च्या वर्ल्ड कपात अडकलेला, कुणी पानशेतच्या पुरात. घड्याळ पुढे गेलं तरी त्याचं कॅलेंडर भिंतीवरून उतरत नाही. अण्णा त्या वर्षी पंचविशीत होते आणि कारागृहाच्या छापखान्यात नुकतेच लागले होते. हुद्दा कंपोझिटर. आयुष्यभर शिशाचे खिळे उलटे वाचून सुलटे छापल्यामुळे समोरच्याचं प्रत्येक वाक्य आधी उलटं करून बघायची सवय त्यांच्या बोटांना आणि मग जिभेला लागली.

म्हणजे असं. तुम्ही सहज म्हणालात, "त्या वर्षीचा सिनेमा म्हणजे 'शोले'!" अण्णा बशी खाली ठेवतात. "फिल्मफेअरने सर्वोत्कृष्ट चित्रपट कुठला ठरवला? 'दीवार'. 'शोले'ला किती बाहुल्या? एक. तीही संकलनाची." तुम्ही शहाणपणाने माघार घेता : बरं, मग 'दीवार'. अण्णा लगेच पलीकडच्या बाकावर. "आणि ती एक कुणाला मिळाली? एम. एस. शिंद्यांना. एवढा पसारा मराठी माणसाच्या कात्रीनं आवरला, आणि तुम्ही येरवड्यात बसून 'दीवार' म्हणता?" तुम्ही तिसरं नाव शोधता. "आंधी?" आता अण्णांचा आवाज खाली येतो. "अभिनयाचं बक्षीस संजीवकुमारला त्याच वर्षी मिळालं. पण 'आंधी'साठी, 'शोले'साठी नाही. हात असलेल्या ठाकूरला दिलं, नसलेल्याला नाही. विचार करा." काय विचार करायचा हे ते सांगत नाहीत. पण पुढची पाच मिनिटं सगळे विचार करत बसतात.

खटल्यातले बाकीचे वकीलही तयार आहेत. जेलमधून रिटायर झालेले हवालदार 'शोले'चं नाव काढलं की चिडतात. "असला जेलर आमच्याकडं असता, तर दुसऱ्या दिवशी बदली. आणि कैदी जेलरच्या खबऱ्या न्हाव्यालाच बनवून पळतात म्हणे! आमच्या न्हाव्यानं असली थाप लगेच ओळखली असती." त्यांचं मत 'पांडू हवालदार'ला. दादा कोंडक्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला तो पहिलाच सिनेमा, पण हवालदारांचं कारण वेगळं : "साहेबांवर हजार पिक्चर निघाले. हवालदाराला हीरो कोणी केला?" रिक्षावाले मामा 'चुपके चुपके'चे, कारण त्यात धर्मेंद्र वनस्पतीशास्त्राचा प्रोफेसर असूनही ड्रायव्हरकी पत्करतो. पानवाले 'दीवार'चे. मनोरुग्णालयातून निवृत्त झालेले वॉर्डबॉय 'सामना'चे. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळूभाऊंचा हिंदुराव आणि डॉ. लागूंचा मास्तर हे सगळं त्यांना मान्य आहे. पण खरं कारण असं की मास्तर ज्याचा पत्ता विचारत गावभर हिंडतो, तो मारुती कांबळे म्हणजे डॉ. मोहन आगाशे, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. "आमच्या लायनीतला माणूस," असं ते कॉलर सरळ करत सांगतात.

घरून वेगळीच साक्ष येते. वहिनींचं मत 'जय संतोषी माँ'ला. ती बघायला बायका थिएटराच्या दारात चपला काढून आत जायच्या. "तुमच्या गब्बरसाठी कुणी चप्पल काढली का?" असा वहिनींचा सवाल. अण्णांकडे याला उत्तर नाही. ते फक्त म्हणतात, "काढली असती, पण मारायला."

एकदा अण्णांनी सगळं टेबलावर मांडून दाखवलं. मधोमध पाण्याचा जग : 'शोले', कारण सत्तर एमएम. जगाला टेकून क्रीमरोल : 'जय संतोषी माँ', वरून साधी आणि आत नुसता गल्ला. नानकटाई म्हणजे 'चुपके चुपके'. एक खारी 'सामना', दुसरी खारी 'निशांत'. "दोन्ही तेंडुलकरांच्या. एकाच भट्टीतल्या. गावचा सत्ताधीश इथंही, तिथंही. ही बर्लिनच्या महोत्सवात गेली. कधी? जून १९७५. इकडे २५ तारखेला आणीबाणी लागली, आणि त्याच आठवड्यात तिकडे 'सामना' महोत्सवात! इकडे 'आंधी' बंद, आमच्या शेजारी माणसं बंद. बाळासाहेब देवरस याच जेलात होते. आणि आता बघा, ही दुसरी खारी..."

दुसरी खारी नव्हती. मामा मिशी पुसत होते.

"अरे, 'निशांत' खाल्लास तू!"

"शिळा होता अण्णा," मामा म्हणाले.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. पण गेल्या महिन्यात कल्याणीनगरच्या एका कंपनीतला पोरगा कट्ट्यावर येऊ लागला. हुशार, पण घाईचा. चार दिवस ऐकून म्हणाला, "काका, एवढं काय? व्होटिंग घेऊ. पाच मिनिटांत विषय क्लोज." आम्ही सात जण होतो. त्याने बिलाच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. माझ्या हातून पाप घडलं. पाऊस येत होता, घरी भाजी द्यायची होती. मी लिहिलं, 'शोले'. पानवालेही ऐन वेळी फुटले. 'शोले' तीन, 'सामना' एक, 'पांडू हवालदार' एक, 'चुपके चुपके' एक. सातव्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'निकाल राखून ठेवला आहे.'

"तीन मतं. 'शोले' जिंकला. डन!" पोरगा म्हणाला. अण्णांनी चहाचे पैसे दिले, छत्री उघडली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कट्ट्यावर आम्ही मेट्रोबद्दल बोललो. मग गुडघ्यांबद्दल. मग हवालदारांनी वाटाण्याचा भाव सांगितला आणि वॉर्डबॉयांनी तो खोडला नाही, तेव्हा मला भीती वाटली. पोरगा मोबाइल बघत बसला होता. शेवटी तोच म्हणाला, "बरं, १९७६ घ्यायचं का?" कुणी मानसुद्धा वर केली नाही.

तेव्हा हवालदार बोलले. "जेलात दोन तऱ्हेचे कैदी. शिक्षा लागलेला गप्प असतो, दिवस मोजतो. कच्च्या कैद्याकडं मात्र रोज वकील, रोज तारीख, रोज आशा. अण्णांचे सगळे पिक्चर कच्चे कैदी होते. आपण शिक्षा सुनावली."

चौथ्या दिवशी, बरोबर साडेपाचला, अण्णा आले. हातात घडी घातलेला कागद, त्यावर आकडेमोड.

"'शोले' कधी लागला?"

"पंधरा ऑगस्ट," पोरगा म्हणाला.

"म्हणजे त्या वर्षात त्याची हजेरी किती? १३९ दिवस. 'दीवार' आला २४ जानेवारीला. हजेरी ३४२ दिवस. साडेसात महिने ज्याचा पत्ता नाही, तो वर्षाचा पहिला नंबर? अहो, शाळेत परीक्षेला बसू दिला नसता त्याला!"

कट्ट्यावर जीव आला. वॉर्डबॉय म्हणाले, हजेरी बघायची तर दर्जाही बघा. पानवाले म्हणाले, मी आधीच सांगत होतो. पोरगा उभाच राहिला : "काका, हे चुकीचं लॉजिक आहे. मग डिसेंबरला लागणाऱ्या पिक्चरनं काय करायचं?"

"बस," अण्णा म्हणाले. "सविस्तर सांगतो."

"म्हणजे 'शोले' सुटला म्हणायचं?" हवालदारांनी विचारलं.

"सुटला नाही. शिक्षेला स्थगिती. पुन्हा कच्चा."

चहा आला, बशी आली. अण्णांनी जग मधे सरकवला आणि एकेक जिन्नस मांडायला सुरुवात केली. मामांचा हात सवयीने पुढे गेला आणि हवेतच थांबला.

"अण्णा, ही खारी कोण आहे?"